हरिहरेश्वर ते गणपतीपुळे पायी: मुक्काम कुठे भारी, कुठे नुसतं चहा पिऊन पुढे निघा

सरळ मुद्द्यावर येतो. कोकण किनाऱ्याने पायी जायचं असेल तर कोणता समुद्र चांगला याची चिंता करू नका, तो प्रत्येक गावी छानच आहे. ट्रिपचं भलंबुरं ठरते ते संध्याकाळी पाय भरून आलेले असताना कोणत्या गावात अन् कोणाच्या ओटीवर सॅक उतरवता त्यावर. आमचा नागपुरात रविवारी सकाळी अंबाझरी, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा असा चालणारा ग्रुप आहे, त्यातले काही जण मिळून मार्चच्या सुरुवातीला हरिहरेश्वरपासून गणपतीपुळ्यापर्यंत चालून आलो, अन् तेव्हापासून इथे जो भेटतो तो "भाऊ, बीच कोणता भारी" हेच विचारून राहिला. म्हणून हा रिव्ह्यू गावांचा आहे.

आधी एक गोष्ट. ही काही बाण रंगवलेली, पाट्या लावलेली ट्रेल नाही. महाराष्ट्राला शेकडो किलोमीटर किनारा आहे, त्यातला हा रायगड-रत्नागिरीचा मधला तुकडा. कधी पुळणीवरून म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून चालायचं, कधी जांभ्या दगडाच्या पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, डोंगर चढून सड्यावर म्हणजे वरच्या पठारावर यायचं, कधी मुकाट्याने डांबरी रस्ता धरायचा, अन् मध्ये तीन मोठ्या खाड्या आडव्या येतात, सावित्री, वाशिष्ठी अन् शास्त्री, तिथे फेरीबोट. आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत, तोवर तरी बोटीने पार व्हायची मजा घेऊन घ्या. नागपूरहून मडगाव स्पेशल आम्ही गेलो तेव्हा आठवड्यातून दोनदा सुटत होती, आम्ही पनवेलला उतरून एसटी धरली अन् वापस येताना रत्नागिरीहून गाडीत बसलो. निघायच्या आधी टाइमटेबल पाहून घ्या, स्पेशल गाड्यांचे दिवस बदलत राहतात.

मुक्कामाकडून मला काय पाहिजे ते पण सांगतो, म्हणजे माझ्या मार्कांचा हिशोब कळेल. एसी नको, स्विमिंग पूल नको. एका रात्रीसाठी खोली द्यायची तयारी पाहिजे, संध्याकाळी साडेसातला गरम जेवण, सकाळी सहाला चहा, घामाने ओले कपडे वाळत घालायला दोरी, अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या गावाची वाट खरी सांगणारा माणूस. गुगल मॅप खाडीच्या काठावर आणून सोडते अन् पुढे निळी रेघ पाण्यातून दाखवते, तिथे गावातला माणूसच कामाचा.

हरिहरेश्वर सुरुवातीला ठीक आहे. देऊळ, भाविक, पार्किंग, सगळं एकमेकांच्या अंगावर, पण भल्या सकाळी ओहोटी असताना प्रदक्षिणेच्या वाटेने नक्की जा. पायऱ्या चढून डोंगराच्या कपारीतून खाली उतरलं की समोर एकदम समुद्र, अन् खडकाला लाटांनी अशी भोकं पाडलेली की हात फिरवत बसावंसं वाटते. भरतीच्या वेळी तिकडे पायही ठेवायचा नाही, लोक वाहून गेले आहेत तिथून, अन् देवळातले लोक सांगतात ते ऐकायचं. राहायला देवळाजवळच्या लॉजपेक्षा वाडीत आतल्या बाजूला घरगुती सोय पाहा. आम्ही जिथे होतो तिथल्या काकांनी मागची बाग दाखवली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा या सगळ्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, नवीन लावलेली सुपारी धरायला कित्येक वर्षं जातात, तोवर पाहुण्यांच्या खोल्यांवरच घर चालते म्हणाले. हे ऐकल्यावर मी कोणत्याच गावात भाव केला नाही, अन् तुम्ही पण करू नका. घरचं दोन वेळचं जेवण, नाश्ता अन् राहणं मिळून माणशी हजाराच्या आतबाहेर पडते, नागपुरात एवढ्यात काय मिळते ते सगळ्यांना माहीत आहे.

बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडली की वेश्वी, तिथून बाणकोट करत वेळास. अन् वेळासबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पायी चालणाऱ्या माणसासाठी या अख्ख्या रस्त्यावर याच्या तोडीचं गाव नाही.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण आज लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालते, आधी ती अंडी लोक अन् कुत्री-कोल्हे खोदून न्यायचे. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावातल्या पोरांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली अन् 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला, त्यातूनच घराघरात पाहुणे ठेवायची पद्धत बसली. आता यात आपल्यासारख्या चालणाऱ्याचा फायदा काय ते पाहा. पिल्लं सोडतात सकाळी लवकर अन् संध्याकाळी ऊन उतरल्यावर, त्यामुळे अख्खं गाव त्या वेळापत्रकावर चालते. पहाटे चुली पेटलेल्या असतात, सहाला चहा मागायची गरजच नाही, तो समोर येते. संध्याकाळी पिल्लं पाहून आले की लगेच पानं मांडतात. एका रात्रीसाठी आलो म्हणून कोणी तोंड वाकडं करत नाही, कारण तिथे येणारे बहुतेक एकाच रात्रीसाठी येतात.

सकाळी हॅचरीत, म्हणजे अंडी राखून ठेवतात त्या जागी गेलो. जाळीचं कुंपण, आत प्रत्येक घरट्यावर पालथी घातलेली टोपली अन् शेजारी तारखेची पाटी. संस्थेचा पोरगा एकेक टोपली उचलत गेला, खाली काही नाही, परत ठेवली, पुढची उचलली, काही नाही, अन् मग एका टोपलीखाली वाळू हलताना दिसली. एक काळं डोकं वर आलं, मग दोन पाय, अन् पाहता पाहता पिल्लंच पिल्लं एकमेकांवर चढून राहिलेली, एवढीशी, तळहातावर मावतील अशी. त्यांना पाण्यापासून थोडं लांबच सोडतात, कारण वाळूवरून स्वतः चालत जाणं त्यांच्यासाठी गरजेचं आहे, आपण दोरीच्या मागे उभं राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. पहिल्या लाटेने काहींना उलटं केलं अन् मागे आणून टाकलं, ते परत सरळ झाले अन् परत निघाले. आमच्यातले एरवी सारखे बोलणारे दोघं पूर्ण वेळ चूप होते. 2022 च्या जानेवारीत इथल्याच एका मादीला सॅटेलाइट टॅग लावलं होतं, नाव ठेवलं प्रथमा, पश्चिम किनाऱ्यावर असं टॅग लावलेली ती पहिली ऑलिव्ह रिडले. घरी जेवायला वाढताना वहिनी तिच्याबद्दल असं बोलत होत्या की जशी गावातली पोरगीच दूर गेली आहे. फक्त एक लक्षात ठेवा, पिल्लं दिसतीलच याची कोणी गॅरंटी देत नाही अन् द्यायलाही नको, अन् शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी असते, म्हणून मधल्या वारी पोचेल असा बेत करा.

केळशी दुसऱ्या नंबरवर, अन् जेवणात पहिल्या. महालक्ष्मीचं देऊळ, याकूब बाबांचा दर्गा, आखीव पाखाड्या अन् दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे म्हणजे दगडी कुंपणं, त्यावर मोरपिसासारखी शेवाळाची सुकलेली छटा. बीचवर काही उभं केलेलं नाही, म्हणून गाव अजून गाव आहे. आम्हाला ओल्या काजूंची उसळ, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं अन् आमसुलाचं सार होतं. नागपुरी माणसाला पहिल्या घासाला वाटेल की तिखट कुठे आहे, पण दिवसभर खारट घाम गाळून आल्यावर ते सार पोटात जाते तेव्हा जी शांती मिळते ती तर्रीत नाही, अन् हे मी सावजी मनापासून खाणारा माणूस सांगून राहिलो.

पण केळशीला मी मार्क देतो ते तिथल्या काकूंच्या हिशोबासाठी. रात्री आम्ही ठरवत होतो की आरामात नाश्ता करून अकराला निघू, उटंबरचा डोंगर करून आडे, पाडले अन् मग आंजर्ले. काकू आतून पानं उचलता उचलता म्हणाल्या, "अकराला नका हो निघू. उद्या चतुर्थी. तीनला भरती." विचारलं की काकू, मोबाइलवर पाहिलं का, तर हसल्या अन् त्यांनी समजावलं. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी म्हणजे चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. दुपारी तीन अन् तशीच पहाटेची, अन् त्याच्या साधारण सहा तास आधी सगळ्यात ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास पुळण उघडी. दर दिवशी पाऊण तास पुढे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त वर येते अन् जास्त मागेही जाते, अष्टमीच्या बाजूला भांग, तेव्हा फरक कमी. हा हिशोब पुढे प्रत्येक गावी लावून पाहिला, टाइड टेबलशी थोडाफार इकडेतिकडे सोडला तर जुळतो. आम्ही साडेसहाला निघालो, आडे-पाडल्याची ओली टणक वाळू पायाखाली मिळाली अन् चालणं निम्म्याने हलकं झालं. कोरड्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्यांचं काय होते ते ज्यांनी चालून पाहिलं त्यांनाच कळेल, सेमिनरी हिल्सचे चढ कितीही मारा, त्याची तयारी नागपुरात होत नाही.

आंजर्ले पण चांगलंच. कड्यावरच्या गणपतीला गावातून पाखाडीने चढा, गाडीरस्त्याने नको. वरून सुवर्णदुर्ग किल्ला समुद्रात बसलेला दिसतो. इथे पण कासवांचं काम चालते. मुक्कामाची घरं साधी, माणसं अगत्याची, जेवण केळशीच्या एक पायरी खाली.

हर्णैला राहू नका, पण मासळीच्या लिलावाच्या वेळी तिथे असा. होड्यांमधून माल उतरवून किनाऱ्यावर आणतात अन् वाळूवरच ढीग मांडून बोली सुरू, सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी, मावश्यांचा आवाज लाटांच्या वर. वास आहे, चिखल आहे, बूट खराब होतात, होऊ द्या. जवळच्या खानावळीत ताजा बांगडा खाल्ला, नदीचा अन् तलावाचा मासा खाऊन वाढलेल्या आम्हा लोकांना ती चवच वेगळी, काटे सोडवत कितीतरी वेळ बसलो अन् मालकाने एकदाही उठा म्हटलं नाही.

आता मुरुड-कर्दे. मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव, दुर्गादेवीचं देऊळ अतिशय देखणं, लाकडी खांबांवरचं कोरीव काम पाहायला मुद्दाम थांबा. मुक्कामाला मात्र मी शून्य देतो. शनिवार होता, एका रिसॉर्टवर फोनवर हो म्हणाले, अन् पाठीवर सॅक घेऊन पायी आलेले पाहून काउंटरवर म्हणतात की पॅकेज दोन रात्रींचंच आहे अन् एकाच रात्रीसाठी पाहिजे असेल तर पैसे दोन्हीचे. नाश्ता नऊनंतर, गरम पाणी आठनंतर, रात्री उशिरापर्यंत स्पीकर. पुढची वाट विचारली तर उत्तर आलं, गाडी कुठे लावली. सगळीच ठिकाणं अशी नसतील, गावात आत काही चांगली घरं आहेत हे नंतर कळलं, पण त्या पट्ट्यातला धंदा गाडीने येणाऱ्यांवर चालते अन् पायी येणारा त्यांच्या हिशोबात बसत नाही. मला याचा राग आला अन् अजून आहे. दुपारी पोचाल तर देऊळ पाहा, चहा प्या अन् लाडघरकडे निघा.

लाडघरला आम्ही नुसतं थांबून पुढे गेलो, तामसतीर्थाची तांबूस वाळू छान दिसते, तेवढं पुरे. कोळथरे मात्र लक्षात ठेवा. नाव फार लोकांनी ऐकलेलं नसते, खाली उतरेपर्यंत गाव दिसतही नाही, अन् उतरलं की वाड्या, कोळेश्वराचं देऊळ अन् शांत किनारा. इथल्या दादांनी आमच्या जड सॅका आपल्या पोराच्या स्कूटरवर दाभोळच्या जेट्टीपर्यंत पोचवल्या, पेट्रोलचे पैसे घ्यायला पण नको म्हणत होते, जबरदस्तीने द्यावे लागले. ओले बूट उलटे करून चुलीजवळ ठेवले अन् सकाळी कोरडे दिले. बुटांचं हे कोणत्या स्टार हॉटेलात होत नाही अन् चालणाऱ्याला याच्यापेक्षा मोठी सेवा नाही. केळशी, वेळास अन् कोळथरे, ही तीन गावं मी डोळे मिटून सांगतो.

दाभोळ हे जुनं मोठं बंदर, खाडीकाठची मशीद पाहण्यासारखी आहे. फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरायचं, ही बोट नसती तर खेड-चिपळूण करत भला मोठा वळसा पडला असता. धोपावे ते गुहागर हा तुकडा मी पायी करा म्हणणार नाही. रस्ता चढउताराचा, अंजनवेलजवळ तो एन्रॉनचा म्हणून सगळ्यांना माहीत असलेला वीज प्रकल्प, सावली कमी. एसटी मिळाली तर बसा, गुहागरला ताज्या पायांनी पोचा, कारण तिथे जवळपास सहा किलोमीटरची सलग पुळण आहे अन् ती संध्याकाळी ओहोटीला पूर्ण चालायची. गाव लांबट आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाड्या, समुद्राकडच्या वाडीतून थेट सुरूच्या बनात अन् मग पाण्यावर. वरचा पाट नावाच्या भागात जागा घेतली तर व्याडेश्वराच्या देवळाजवळच्या बाजारापेक्षा शांत. जेवणाला दहापैकी आठ, पण सकाळचा चहा साडेसातच्या आधी मिळवायला फार विनवण्या कराव्या लागल्या.

हेदवीला दशभुजा गणपती अन् बामणघळ. घळ भरतीलाच पाहायची, खडकाच्या चिरेत लाट शिरते अन् पाणी उंच उडते, ओहोटीत गेलात तर नुसती फट दिसेल. म्हणजे तिथीचा तोच हिशोब इथे उलटा लावायचा. हेदवीच्या आधी लागणाऱ्या वेळणेश्वरला मुक्काम ठीकठाक, किनारा फार सुंदर. मग तवसाळहून तिसरी फेरीबोट, शास्त्री ओलांडून जयगड.

शेवटच्या रात्रीसाठी सगळे गणपतीपुळे सांगतात, मी मालगुंड सांगतो. दोन्ही लागून आहेत. पुळ्याला दर्शन घ्या, देवळामागचा अख्खा डोंगरच गणपतीचं रूप मानतात म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची, ती उन्हं चढायच्या आधी करा. तिथल्या समुद्रात मात्र उतरू नका, पाणी ओढून नेते, दरवर्षी लोक जातात. राहायला मालगुंड, तिथे 1866 साली जन्मलेल्या केशवसुतांचं घर अन् स्मारक आहे, संध्याकाळी तिथे अर्धा-पाऊण तास बसलो, आमच्यातल्या एकाने शाळेत पाठ केलेली तुतारी अडखळत म्हटली अन् स्मारकातल्या काकांनी राहिलेल्या ओळी पुऱ्या केल्या.

आता आपल्या लोकांसाठी खास. आम्ही 45 डिग्रीवाले म्हणून कोकणच्या 33 ला हलक्यात घेऊ नका. आपलं ऊन कोरडं, घाम वाळतो अन् अंग थंड होते. तिथे घाम वाळतच नाही, अंगातली गरमी बाहेर पडत नाही, अन् दहा वाजताच डोकं धरते. साडेदहाला चालणं थांबवायचं, चारनंतर परत सुरू. मीठ-साखर-लिंबू सोबत ठेवा, गावागावात कोकम सरबत मिळते ते प्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालायला बेस्ट काळ, पण कासवाची पिल्लं पाहायची असतील तर फेब्रुवारीच्या शेवटापासून पुढेच जावं लागेल, तेवढी गरमी सोसा.

बुटांसोबत पट्ट्याचे सँडल हवेतच, छोटे ओहोळ बूट काढून ओलांडण्यात फार वेळ जाते. कॅश ठेवा, केळशी-कोळथऱ्यात रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत अन् त्या लोकांना "नंतर पाठवतो" म्हणणं बरं नाही दिसत. जेवण आदल्या रात्रीच फोन करून सांगा, घरचा स्वयंपाक आहे, मोजून करतात, व्हेज की मासे ते पण तेव्हाच सांगा, कारण वेळास-केळशीच्या पुष्कळ घरात मासे होत नाहीत. अन् शनिवारची रात्र वेळास, मुरुड किंवा पुळ्याला पडू देऊ नका, तारखा लावताना तेवढं एक पाहिलं तरी निम्मा त्रास वाचते.